मयूरीच्या डोक्यातली जागा

जमनाबाईला वैशाखातही थंडी वाजते, असं गल्लीत चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा करण्यासारखंच होतं ते. तापीकाठचा उन्हाळा, दुपारी केळीची पानं माना टाकतात, कुत्री मोरीत जाऊन पडतात, आणि ही बाई खांद्यावर चॉकलेटी शाल टाकून लेकीच्या मागे मागे. लग्नात, बारशात, आठवडी बाजारात, कुठेही. मयूरी शहाद्याच्या एका खासगी शाळेत दोन महिने शिकवायला जात होती, तेव्हा जमनाबाई रोज तिच्याबरोबर एसटीनं जायची आणि शाळेच्या व्हरांड्यात शाल मांडीवर घेऊन पाच तास बसून राहायची. हेडमास्तरांना वाटलं, काय ही आईची माया! माया होती, ती कोण नाकारतंय. पण शाल मायेसाठी नव्हती.

मयूरीला फिट यायची. सातव्या वर्षापासून. आता ती सत्तावीस वर्षांची होती, आणि या वीस वर्षांत तिची फिट परक्या माणसाच्या नजरेला पडू द्यायची नाही, हा जमनाबाईनं घेतलेला वसा होता. दुसऱ्या कुठल्या कामात एवढी हुशारी दाखवली असती तर बाई सरपंच झाली असती.

फिट यायच्या आधी मयूरीच्या उजव्या हाताची बोटं ओढणीची किनार चिवडू लागायची. अगदी हलकेच, कुणी धागा मोजत असावं तशी. मग ती एकदा आवंढा गिळायची. एवढंच. पुढच्या दहा सेकंदांत डोळे कुठेतरी अडकायचे, तोंड चावल्यासारखं हलायला लागायचं, आणि कधी कधी सगळं अंग झटके द्यायचं. बोटं चिवडायला लागली की जमनाबाई उठायचीच. बोलता बोलता, हसता हसता लेकीला कुशीत घ्यायची, वरून शाल टाकायची, लोकांकडे पाठ करायची आणि सांगायची, "काय नही, डोळा लागना तिन्हा." दोन-तीन मिनिटांत सगळं आत मिटायचं. घरात असली तर नवरा गिरधर उठून दारात जाऊन उभा राहायचा, रस्त्याकडे तोंड करून. कुणी आलंच तर त्याला केळीचा भाव सांगत बाहेरच थांबवायचं, हे त्याचं काम. ते त्यानंही नेकीनं केलं.

गुजरांच्या घरातली एकुलती एक मुलगी. तिला स्थळ यायचं होतं, तिचं नाव राहायचं होतं. म्हणून आधी झाकलं. स्थळं आली नाहीत, तरी झाकलं. पुढे झाकायचं कशासाठी हे जमनाबाईला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, पण विचारणारा कोण होता?

गोळ्या तीन प्रकारच्या झाल्या. तरी महिन्यातून सहा-सात वेळा बोटं चिवडायचीच. मागच्या दिवाळीत चुलीवरचं दूध उतरवताना आली आणि मयूरीचा डावा पंजा भाजला. तेव्हा मात्र मयूरीनं मोबाईलवर शोधून शोधून सुरतेची डॉक्टर काढली, स्वतः फोन केला, स्वतः तारीख घेतली आणि मग घरात सांगितलं. तिला मोठं काही नको होतं. एकटीनं एसटीत बसून म्हसावदला मामाकडे जायचं होतं. खिडकीजवळ बसायचं, तिकीट स्वतः काढायचं, शेजारच्या सीटवर आई नको. बस्स.

डॉक्टरीणबाई मूळच्या धुळ्याच्या, त्यामुळे मराठीत बोलायच्या. त्यांनी डोक्याचा एमआरआय काढला. त्यात काही म्हणता काही दिसलं नाही. जमनाबाईला आधी बरं वाटलं, डोकं चांगलं आहे म्हणून. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली.

"दिसलं असतं तर बरं झालं असतं. मेंदूत कुठेतरी एक लहानशी जागा आहे, तिथून फिट सुरू होते. ती सापडली तर ऑपरेशननं काढता येते, आणि हिची फिट बंदही होऊ शकते. न सापडता मी डोक्याला हात लावणार नाही."

"मंग सापडी कशी?" गिरधरनं विचारलं.

त्यांनी समजावलं. फिट सुरू होते त्या क्षणी त्या जागेकडे रक्त धावतं. नेमकं तेव्हा हाताच्या शिरेतून एक औषध सोडायचं. ते रक्ताबरोबर जातं आणि तिथंच चिकटून बसतं. मग सावकाश फोटो काढला तरी जागा उजळलेली दिसते. पण औषध सुरुवातीलाच गेलं पाहिजे, अर्ध्या मिनिटाच्या आत. उशीर झाला तर फिट मेंदूभर पसरलेली असते आणि फोटोत सगळंच उजळतं.

गिरधर केळीवाला माणूस, त्याला लगेच उमगलं. "ठिबकनी नळी फुटनी ते पानी सोडताखेपच देखनं पडस," तो म्हणाला. "आख्खं वावर वल्लं व्हयनं मंग काय समजस!"

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अडचण एकच होती. मयूरीची फिट खोलातून उठायची. फिट टिपायला डोक्याला तारा चिकटवतात, पण इतक्या खोलातली फिट त्यांच्यावर दिसायला वीस-तीस सेकंद उशीर होतो. म्हणजे यंत्राला कळेपर्यंत वेळ निघून जाणार. मयूरीला स्वतःलाही आधी कळत नसे. तेव्हा जमनाबाई पहिल्यांदा बोलली. बोटांचं सांगितलं, आवंढ्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"मावशी, तुम्ही आमच्या मशीनच्या पुढे आहात," त्या म्हणाल्या. "तुम्हीच खोलीत बसायचं. बोटं हलली की बटण दाबायचं, सिस्टर लगेच औषध सोडेल. बाकी काही करायचं नाही."

जमनाबाईला आयुष्यात कुणी अशी शाबासकी दिली नव्हती. घरी परत येईपर्यंत ती ते वाक्य मनात घोळवत होती. वीस वर्षं जी विद्या लपूनछपून केली, तिला एका डॉक्टरनं मान दिला. माणूस फुगणारच.

वैशाखात ते पुन्हा निघाले, दहा दिवसांचे कपडे घेऊन. गल्लीत सांगितलं, मयूरीला मुतखडा आहे. नंदुरबारला गाडीत बसल्यावर जमनाबाईनं लेकीची उजळणी सुरू केली. खांडबारा आलं तरी चालूच होती.

"कोनी इचारं ते काय सांगशी?"

"मुतखडा."

"कोनता बाजूना?"

"डावा," मयूरी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. "आई, तठे गयावर तू बटन दाबशी ना?"

"दाबसू ना. मन्हाशिवाय कोनले समजस?"

खोली लहान होती. एक पलंग, एक खुर्ची, छताच्या कोपऱ्यात कॅमेरा, भिंतीत काच. काचेपलीकडे यंत्राचे पडदे बघणारा माणूस आणि औषधाची सुई घेऊन सिस्टर. ते औषध रोज सकाळी ताजं यायचं आणि दुपारपर्यंतच चालायचं. फिट नाही आली तर त्या दिवसाचं वाया. मयूरीच्या गोळ्या बंद केल्या होत्या, फिट यावी म्हणून. शाल सिस्टरनं पहिल्याच दिवशी बाहेर ठेवायला लावली. जमनाबाईला पहिले दोन तास हात कुठे ठेवावे तेच कळेना. मग तिनं बटण मुठीत धरलं.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मयूरीच्या डोक्यावर तारांचा जुडगा, ती त्यालाच हसायची, म्हणायची, "आई, मी काय मोटर शे का? स्टार्टर दाब आते." तिसऱ्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरला होता. डॉक्टरीणबाई सकाळी सांगून गेल्या की गोळ्या याहून जास्त दिवस बंद ठेवणं जिवावरचं आहे. आज आली तर आली.

अकराच्या सुमाराला जमनाबाई काहीतरी सांगत होती, म्हसावदच्या भाच्याच्या साखरपुड्याचं. आणि तिनं पाहिलं, मयूरीचा उजवा हात चादरीच्या काठावर गेला. बोटं धागा मोजायला लागली. एक आवंढा.

सगळ्या जगाच्या आधी जमनाबाईला कळलं. मशीनच्या आधी, डॉक्टरांच्या आधी, मयूरीच्याही आधी. बटण तिच्या मुठीतच होतं.

तेवढ्यात काचेपलीकडच्या माणसानं मान वर करून आत पाहिलं. परका पुरुष. आणि तो बघतोय.

जमनाबाई उठली. बटण खुर्चीवर राहिलं. तिनं लेकीला छातीशी ओढलं, पलंगावरची चादर डोक्यावरून घेतली, वरून स्वतःचा पदर टाकला, आणि कॅमेऱ्याकडे, काचेकडे, साऱ्या दुनियेकडे पाठ केली. इतकं चपळ, इतकं सफाईदार, की कुणाला वाटावं आई लेकीला थोपटून निजवतेय.

भिंतीतल्या माईकवरून सिस्टरनं गुजरातीत विचारलं, "मासी, बधुं बराबर?"

"हाव," जमनाबाई म्हणाली. आवाज अगदी शांत. "काय नही, डोळा लागना तिन्हा."

पडद्यावर रेघा वेड्यावाकड्या नाचायला लागल्या तेव्हा ते धावत आले. पण जमनाबाई सोडेना. दोघांनी तिचे हात धरून सोडवले. चादर ओढून काढली, तिच्याबरोबर अर्ध्या तारा निघून आल्या. शिरेतली नळी अंगाखाली दुमडली होती. औषध गेलं तेव्हा दोन मिनिटं दहा सेकंदं झाली होती. जमनाबाई भिंतीला टेकून उभी होती आणि खुर्चीवरच्या बटणाकडे बघत होती. आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं, सगळं एकदम.

ते तेवढ्यावर थांबलं नाही. गोळ्या बंद होत्याच. संध्याकाळपर्यंत मयूरीला आणखी दोन मोठ्या फिट आल्या. जीभ चावली गेली, खांदा निखळला. त्या दोन वेळी सिस्टर पलंगाला चिकटून बसली होती, पण दुपार उलटली होती आणि औषध मेलं होतं.

फोटो आले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवले. दोन्ही बाजू उजळलेल्या, पुढे, मागे, सगळीकडे लाल-पिवळं. गिरधर पडद्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "आख्खं वावर वल्लं." त्याला दुसऱ्या कुणी समजावायची गरज पडली नाही.

"आता सहा महिने मी गोळ्या काढणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नंतर एकदा बघू. पण तेव्हा मावशी नकोत. फिट ओळखणारं दुसरं कुणीतरी आणा." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर जमनाबाईला सोपं गेलं असतं.

मयूरीचा खांदा बांधलेला होता, जीभ सुजलेली. तिनं व्हिडिओ बघायचा म्हटलं. तिनं स्वतःची फिट जन्मात पाहिली नव्हती. आपलं काय होतं, तोंड कसं होतं, हात कुठे जातो, हे तिनं फक्त आईच्या तोंडून ऐकलेलं. डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला आणि लावला.

पडद्यावर खोली दिसली, पलंग दिसला, साखरपुड्याची गोष्ट सांगणारी जमनाबाई दिसली. मग ती उठली. मग नुसती पाठ. निळ्या पातळाची पाठ आणि पांढरी चादर, दीड मिनिट. आणि तो शांत आवाज.

"यामा मी कोठे शे?" मयूरीनं विचारलं.

मयूरीनं मान वळवून आईकडे पाहिलं. "कोठे शे मी, आई?"

"मन्हा हातच आधी गया, बेटा," जमनाबाई म्हणाली. "मी बटन दाबनारच व्हती. पन हातच गया."

"जाईच. वीस वरीस त्या हातले तेच शिकाडेल शे."

एवढं बोलून मयूरीनं तोंड फिरवलं ते सुरत ते नंदुरबार खिडकीकडेच ठेवलं. जमनाबाईनं खांडबाऱ्याला चहा घेऊन पुढे केला, तो गिरधरनं प्यायला.

गावी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरायला लागली तेव्हा, मयूरी ओट्यावर येऊन बसली. खांदा बांधलेलाच. शेजारची जसोदाबाई आणि आणखी तिघीचौघी बायका तिथं शेवया वाळवत, गप्पा मारत होत्या. जमनाबाई शाल घेऊन मागोमाग आली आणि उंबऱ्यात थांबली. शाल तिनं आत परत टाकली, पण स्वतः आत गेली नाही.

"निंघना का खडा?" जसोदाबाईनं विचारलं. "आनि खांदाले काय व्हयनं?"

"खडा नही मावशी," मयूरी म्हणाली. "माले फिट येस. लहानपनपाईन येस."

जमनाबाईला वाटलं, आता सगळं संपलं. गल्लीत आता एकच गिल्ला होणार. तिनं दाराची चौकट धरली.

पण गिल्ला झाला नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. जसोदाबाईनं ताटातल्या शेवया मोकळ्या केल्या आणि म्हणाली, "माहीत शे बेटा."

"काय माहीत शे?"

"आख्खा गल्लीले माहीत शे. तू दुसरीमा व्हती तवयपाईन. तुन्ही मायनं मन दुखी म्हनीसन कोनी तोंडवर बोलनं नही."

म्हणजे वीस वर्षं! वीस वर्षं ही बाई वैशाखात शाल पांघरून हिंडली, लग्नांत जेवण अर्धं टाकून उठली, माहेरी चार दिवस राहायला गेली नाही, लेकीची नोकरी सोडवली, सुरतेत बटण सोडून चादर धरली. आणि ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सगळं ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, ते तिच्यासाठी न कळल्याचं सोंग करत होते. थंडी वाजते म्हणून हसायचे तेही त्यातलंच. स्थळं का आली नाहीत, हेही तिला उंबऱ्यात उभ्या उभ्या कळलं. तिला गल्लीचा राग आला, स्वतःचा आला, त्या शेवयांचाही आला.

मयूरी मात्र पुढे सरकली. डोळ्यांत एकदम आशा. "मावशी, मंग तुम्ही सांगा बरं. फिट येवाना आधी मी काय करस? हात कोनता हालस? सुरतले मन्हासंगे कोनी तरी पाहिजे, वयखनारं."

जसोदाबाई गोंधळली. "ते कसं सांगू व? माहीत शे, पन देखं कोनी शे? तुन्ही माय देखू देस का?"

"एकदाव बी नही?"

"नही बेटा. आम्हीच मान फिराई लेवूत."

मयूरी काही बोलणार होती. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिची उजवी बोटं मांडीवरच्या ओढणीच्या काठाशी गेली. धागा मोजायला लागली.

जमनाबाईचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं होतं. हात पुढे गेले होते. तिनं ते दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक गच्च अडकवले. बोटं पांढरी पडली.

"जसोदा," ती ओरडली, "देख! आते येई ऱ्हायनी. तिन्हा हात देख! तू बी देख व, धनुबाई. सगळ्या देखा!"

मयूरीनं आवंढा गिळला. डोळे अडकले. आणि जसोदाबाईनं, वीस वर्षं ज्या शेजारणीनं शेजारधर्म पाळला त्या जसोदाबाईनं, पदर तोंडावर घेतला आणि उठली. बाकीच्याही उठल्या. कुणी ताट उचललं, कुणी चप्पल शोधली. "चला व, घर चला," जसोदाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "त्यासना घरनी गोठ शे. बरं नही दिखस."

"अवं देखा ना!" जमनाबाईचा आवाज चिरकला. "पाय पडस तुम्हना, देखा!"

गल्लीतली दारं हलकेच लागली, अजिबात आवाज न करता, अगदी अदबीनं. ओटा मोकळा झाला. मग जमनाबाई एकटीच बघत राहिली. लेक पडू नये म्हणून एक गुडघा तिच्या पाठीशी लावून, हात मागेच ठेवून. आणि तिच्या लक्षात आलं की हे तीही पहिल्यांदाच बघतेय. तिला पहिली दहा सेकंदंच माहीत होती. पुढचं सगळं कापडाखाली व्हायचं. डावा हात वर उचलला जाऊन असा वाकडा ताठ होतो, तोंड डावीकडे असं ओढलं जातं, हे तिला माहीत नव्हतं. ते भयंकर होतं आणि ते तिच्या पोरीचं तोंड होतं. तिनं नजर काढली नाही.

तीन मिनिटांनी मयूरी शांत झाली. आणखी थोड्या वेळानं डोळे उघडले. ओट्यावर सांडलेल्या शेवया, मोकळी गल्ली, बंद दारं. कुठे काय झालं ते तिला काही उमगत नव्हतं, पण आपण उघड्यावर आहोत, अंगावर शाल नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं आईचं बोट धरलं.

"आई," सुजलेल्या जिभेनं तिनं विचारलं, "कोनी कोनी देखं?"

जमनाबाईनं तिच्या तोंडावरचे केस मागे सारले. खोटं बोलायला ती वीस वर्षं कधी अडखळली नव्हती. आज खरं बोलताना अडखळली.

"कोनीच नही," ती म्हणाली.